काठावर पास झालेले नाक

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका शाळेत तात्पुरता शिक्षक होतो. शाळेला लागूनच कापडाची गिरणी होती आणि माझे नाक बारा महिने चोंदलेले असे. जूनमध्ये मला कायम करायचे की घरी पाठवायचे, हे हेडमास्तरांच्या शिफारशीवर होते.

हेडमास्तरांची श्रद्धा ओव्यावर. भाजलेला ओवा फडक्यात बांधून हुंगला की कपाळात साठलेली सर्दी मोकळी होते, हे त्यांना आजोबांकडून कळले होते. आता ते शास्त्राला कळवायचे होते. त्यासाठी पुरावा हवा. म्हणून प्रार्थनेनंतर सगळ्या शिक्षकांनी पुरचुंडी हुंगायची आणि हजेरीपटाशेजारच्या वहीत 'नाक उघडे' किंवा 'नाक बंद' लिहून सही करायची. सगळे 'उघडे' लिहीत. आमचे गोपनीय अहवाल हेडमास्तरच लिहीत.

ओव्याने घटकाभर बरे वाटे, हे खोटे नाही. पण पहिला तास संपेपर्यंत नाक पुन्हा बंद. एकदा मी प्रामाणिकपणे लिहिले, 'डावी नाकपुडी बंद, उजवी थोडी उघडी.'

हेडमास्तरांनी बोलावून घेतले. "हा काय निकाल झाला? पास की नापास?"

"काठावर आहे, सर."

"मग ग्रेस द्यायला काय होतं तुम्हाला?" त्यांनी लाल शाईने माझे नाक पास केले.

मार्चमध्ये गिरणीत संप झाला आणि आठवड्याभरात नाक खरोखरच उघडले. मला खडूचासुद्धा वास येऊ लागला. हेडमास्तरांनी लगेच शिक्षणखात्याच्या साहेबांना बोलावले. शाल, नारळ, टेबलावर परातभर ओवा, आणि पुरावा म्हणून मी.

व्हरांड्यात आमचा मंद्रूपचा म्हातारा शिपाई म्हणाला, "गुरुजी, ओव्याचं काय घेऊन बसलाव? मिल बंद हाय की. कापूसच उडंना, तर नाकात जाईल काय?"

"साहेबांना सांगू का हे?"

"सांगा की! मंग जूनपासनं नाक लई मोकळं ऱ्हाईल. मिलजवळ यायचं कामच न्हाय."

साहेबांनी विचारले, "कशाने गुण आला?"

हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. "ओव्याने," मी म्हणालो. टाळ्या झाल्या.

जूनमध्ये मी कायम झालो. तोवर संप मिटला होता. आता माझ्या नाकाची काळजी उरली नाही म्हणून हेडमास्तरांनी मला गिरणीकडच्या खिडकीचा वर्ग दिला.