उजव्या बाजूचा ड्रम

सुधा रेवतकरांच्या घरी लोखंडी कपाटात साड्यांऐवजी तबकड्या होत्या, हे पांढुर्ण्यात त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कसल्या, ते मात्र फारसं कोणाला सांगता आलं नसतं. कोणी म्हणे इंग्रजी गाणी, कोणी म्हणे बँडबाजा. मुकुंदराव, म्हणजे त्यांचे यजमान, हार्डवेअरच्या दुकानात कोणी विचारलं तर एवढंच सांगत की मॅडम जॅझ ऐकतात, आणि लगेच खिळ्यांच्या मापावर येत.

सुधाताई तिगावच्या शाळेत शिकवायच्या. बी.एड.साठी नागपूरला असताना सदर भागात एका गोवेकर म्हाताऱ्या जोडप्याकडे त्या खोली घेऊन राहिल्या होत्या. त्या घरचे आजोबा तरुणपणी हॉटेलांच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत. दुपारी ते एक तबकडी लावत आणि या पोरीला विचारत, आत्ता तो काय बोलला? आणि मग दुसऱ्यानं त्याला काय उत्तर दिलं? ठरलेली चाल एकदा वाजवायची, मग ज्यानं त्यानं आपल्या मनानं वाट काढत जायचं आणि तरी एकमेकांचा हात सोडायचा नाही, हे सुधाताईंना त्या घरात कळलं. निघताना आजोबांनी अकरा तबकड्या दिल्या. पंचवीस-सव्वीस वर्षांत नागपूरच्या कबाडी बाजारातून, कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या मरणानंतर आवरल्या जाणाऱ्या घरांतून गोळा करत त्यांनी त्या अकरावरून चारशेवर नेल्या.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी मोबाइलवर एक गट काढला, ‘रविवारची तबकडी’. दर रविवारी सकाळी एका अल्बमबद्दल मराठीत चार परिच्छेद लिहायचे आणि तो का ऐकावा ते सांगायचं. इंग्रजी नावांना लोक अडखळतात म्हणून त्या मुखपृष्ठावरच्या चित्रावरून नावं ठेवत. एक ‘भिजलेली सायकल’ होती, एक ‘तीन टोप्या’. गटात एकतीस माणसं. त्यांत सौंसरचा एक बँकेचा कॅशियर, पांढुर्ण्याच्या दोन शिक्षिका, नागपूरचे काही जण, आणि रामाकोन्याचा कुलदीप गावंडे. कुलदीपची संत्र्याची बाग होती. कानाला हेडफोन लावून तो दिवसभर बागेत काम करी. गटातला सगळ्यांत चिकित्सक ऐकणारा तोच, आणि सुधाताईंशी वाद घालणाराही तोच. सहा वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता. सुधाताईंना त्याचा अभिमान होता, आणि पुढचं सगळं त्या अभिमानापायीच झालं.

पोळ्याच्या आधीच्या बुधवारी त्या उठल्या तेव्हा उजव्या कानात दडा बसला होता. आत बारीक सूं असा आवाज. जिना उतरताना एकदा भिंत धरावी लागली. सर्दी असेल, मळ साचला असेल, म्हणून त्यांनी लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. गुरुवारी तसंच, शुक्रवारीही तसंच. शाळेत उजवीकडच्या रांगेतल्या मुलीला दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालीस? घरी मात्र त्या बोलल्या नाहीत.

शनिवारी दुपारी त्यांनी एक नवी तबकडी काढली. कोऱ्या पांढऱ्या पाकिटात मिळालेली, मधल्या कागदावर फक्त सॅक्सोफोनवाल्याचं नाव. बाकी कोण वाजवतं ते कुठेच नव्हतं. त्यांनी हेडफोन लावून दोन्ही बाजू ऐकल्या. कान बरा नसताना लिहू नये, हे मनात येऊन गेलं. पण रविवार कसा चुकवायचा? त्यांनी लिहिलं, “यात ड्रम नाही. सॅक्सोफोन आणि बास, दोघंच. ताल धरणारं कोणी नसताना दोन माणसं एकमेकांवर किती विश्वास टाकतात, ते ऐकण्यासारखं आहे.” लिहून झाल्यावर त्यांना ते फार आवडलं.

रविवारी दुपारी कुलदीपनं गटावर विचारलं, ड्रम कसा नाही? त्यानं नावावरून तोच अल्बम मोबाइलवर शोधून ऐकला होता आणि ड्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत होता. सुधाताईंनी उत्तर दिलं की त्याच माणसाचं ते दुसरं ध्वनिमुद्रण असेल, नीट पाहावं. कुलदीपनं सुधाताईंनीच दिलेल्या वेळेशी लांबी जुळवून दाखवली, मिनिट आणि सेकंद. सुधाताईंनी लिहिलं की पंचवीस वर्षं ऐकणाऱ्याला ड्रम आहे की नाही एवढं कळतं. कॅशियरनं कुलदीपच्या मजकुराला अंगठा दिला, तो त्यांना झोंबला.

सोमवारी पोळा. शाळेला सुट्टी, घरात पुरणाचा वास. दुपारी फोनवर कुलदीपचा मजकूर आला, या वेळी गटावर नाही, फक्त त्यांना. “मॅडम, रागावू नका. ड्रम फक्त उजव्या बाजूला आहे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये असं करत. तुमच्या हेडफोनची उजवी वायर गेली असंन. एकदा उलटा घालून पाहा.”

सुधाताईंना हायसं वाटलं. वायर गेली असेल, बस्स. चूक आपली नाही, वायरीची. त्यांनी तबकडी लावली, हेडफोन उलटा केला आणि सुई टेकवली.

ड्रम आला. डाव्या कानात, स्वच्छ, काशाच्या थाळीवरून काडी फिरवल्यासारखा. म्हणजे वायर चांगली होती. आणि सॅक्सोफोन नाहीसा झाला होता.

त्यांनी हेडफोन सरळ केला. सॅक्सोफोन आला, ड्रम गेला. पुन्हा उलटा केला. चार वेळा त्यांनी तेच केलं, आणि दर वेळी जे उजवीकडे जाई ते जगातून पुसलं जाई. मग त्यांनी आगपेटी घेतली आणि उजव्या कानाशी हलवली. हाताला काड्या हलल्याचं कळत होतं. आवाज काही नव्हता, फक्त ती सूं. दडा बसला नव्हता. कान गेला होता.

मुकुंदराव बैलांचं लेणं पाहून घरी आले तेव्हा त्या पुरण वाटत होत्या. सांगावं की नाही? सांगितलं असतं तर ते पहिल्यांदा काय म्हणाले असते, ते त्यांना ठाऊक होतं. हेडफोन. इतकी वर्षं कानात ते घालून बसते, होईल नाही तर काय. आणि ते खरंच असलं तर? ज्या ऐकण्यानं कान शिकवला त्यानंच कान नेला असला तर? हा विचार त्यांना कानाहून जड गेला. मळच असेल, सकाळी डॉक्टरला दाखवू, असं मनाशी ठरवून त्या पुरण वाटत राहिल्या.

पण सकाळ गोटमारीची होती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं नदीवरून एकमेकांवर दगड फेकतात त्या जत्रेची. दुकानं बंद, नदीकडचे रस्ते माणसांनी भरलेले, जांब नदीच्या पलीकडून सावरगावचे आणि अलीकडून पांढुर्ण्याचे दगड सुरू होण्याच्या बेतात. गावातले डॉक्टर सगळे जखमींसाठी उभारलेल्या तंबूंत. नेहमीच्या दवाखान्याला कुलूप. मुकुंदराव मित्राच्या गच्चीवर गेले होते. सुधाताई एकट्याच तंबूकडे निघाल्या.

रस्त्यात कोणीतरी ओरडलं. आवाज कुठून आला ते कळेना. एका कानानं आवाज ऐकू येतो, दिशा नाही, हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्या डावीकडून आला समजून उजवीकडे सरकल्या, आणि तिकडूनच मोटारसायकल आली. मधे बसवलेल्या माणसाच्या डोक्यातून रक्त वाहत होतं. हँडल त्यांच्या पिशवीला अडकलं, पिशवी फाटली, गाडी थांबली नाही. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मागून काही येत असलं तरी आता आपल्याला कळणार नाही, एवढंच मनात होतं.

तंबूत फुटलेली डोकी, सुजलेले डोळे. ज्याला रक्त नाही त्याची पाळी शेवटी, आणि ते बरोबरच होतं. सुधाताई दीड तास कोपऱ्यात बसल्या. अखेर एका तरुण डॉक्टरनं हातमोजे बदलता बदलता विचारलं, काय झालं? त्यांनी सांगितलं. त्यानं कानात उजेड टाकून पाहिलं. मळ नव्हता, पडदाही स्वच्छ. मग त्यानं लोखंडी काटा वाजवून त्याची दांडी त्यांच्या कपाळाच्या मधोमध टेकवली आणि आवाज कुठे येतो ते विचारलं.

“डावीकडे,” त्या म्हणाल्या.

त्याचा चेहरा बदलला. किती दिवस झाले, त्यानं विचारलं. सहा. ही कानाची नस आहे, तो म्हणाला, औषध पहिल्या दोन आठवड्यांतच लागू पडतं, आणि जितका उशीर तितकं कमी. “मॅडम, आज ही नागपूर जाइए. कल मत कीजिए.” तेवढ्यात बाहेरून आणखी एकाला उचलून आणलं, आणि तो तिकडे धावला.

मुकुंदरावांना फोन लागत नव्हता. गोटमारीच्या दिवशी सगळं गाव एकाच वेळी फोन करत असतं. सुधाताई स्टेशनकडे चालू लागल्या, भिंतीच्या कडेनं, उजवा हात भिंतीला लावून. नागपूरची गाडी यायला चाळीस मिनिटं होती. अकराव्या खेपेला फोन लागला. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं, बुधवारपासूनचं.

पलीकडून मुकुंदराव घाईनं जिना उतरल्याचा आवाज आला. मग, “तू स्टेशनावरच थांब. गाडी आली तरी चढू नको, मी येऊन राहिलो.”

गाडी आली तेव्हा मुकुंदराव पुलाच्या पायऱ्या उतरत होते, घामानं चिंब. दोघं चढले. बसायला जागा मिळाल्यावर ते त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि काही बोलले. त्यांना ऐकू आलं नाही. ते ध्यानात आल्यावर ते उठून डाव्या बाजूला आले.

“सहा दिवस,” ते म्हणाले. “मले काऊन नाही सांगितलं?”

“तुम्ही हेडफोन म्हटलं असतं.”

त्यांनी रुमालानं मानेवरचा घाम पुसला. “म्हटलंच असतं,” ते म्हणाले.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सुधाताईंना काचेच्या बंद खोलीत बसवून आवाज ऐकवले, आणि आलेख समोर ठेवला. डाव्या कानाची रेघ वर, उजव्याची तळाशी. त्या गोळ्यांबद्दल आणि पडद्यातून आत द्यायच्या इंजेक्शनांबद्दल सांगत होत्या, तेव्हा मुकुंदरावांनी मधेच विचारलं,

“हे हेडफोननं झालं का?”

सुधाताईंनी मांडीवरची फाटकी पिशवी घट्ट धरली. कपाट, चारशे तबकड्या, ते आजोबा, सगळं त्या एका उत्तरावर येऊन थांबलं होतं.

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यानं होतं ते हळूहळू, आणि सहसा दोन्ही कानांना. हे अचानक होतं. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. तेल घालून सहा दिवस काढले, ते मात्र चुकलं.”

बाहेर आल्यावर मुकुंदरावांनी औषधं घेतली, आणि त्या रात्री नातलगांकडे राहायचं ठरवून तसं कळवून टाकलं. दुकान आठवडाभर बंद राहील, एवढंच म्हणाले.

इंजेक्शनं चार झाली. पडद्यातून सुई आत जाताना डोकं हलवायचं नाही, आणि नंतर अर्धा तास गिळायचंसुद्धा नाही. पहिल्या दोन इंजेक्शनांनंतर आलेख हललाच नाही. रविवार आला आणि गेला. सुधाताईंनी गटावर एवढंच लिहिलं, “मागच्या आठवड्यात मी चूक लिहिलं. त्या अल्बममध्ये ड्रम आहे, आणि फार चांगला आहे. कुलदीप बरोबर होते. माझा उजवा कान गेला आहे, उपचार चालू आहेत. काही रविवार कुलदीप लिहितील.” कुलदीपला त्यांनी विचारलं नव्हतं. त्याचा लगेच फोन आला. त्याला लिहिता येत नाही म्हणाला. सुधाताई म्हणाल्या, मला कुठे ऐकू येतं.

तिसऱ्या इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी जेवताना मुकुंदरावांनी ताट ओढलं, आणि उजवीकडून काहीतरी घरघरलं. सुधाताई घास हातात धरून बसून राहिल्या. त्यांनी पुन्हा ओढायला सांगितलं. मुकुंदरावांनी ओढलं. होतं, अगदी तळातलं, खोल, पण होतं.

खालचे आवाज परत आले. वरचे आले नाहीत. बास आणि ड्रमचा मोठा ढोल आता उजवीकडे ऐकू येतो, काशाच्या थाळ्या येत नाहीत, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात की आता येणार नाहीत. सूं आहेच. सौंसरच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं त्यांना एक बटण बसवून दिलं आहे. ते दाबलं की दोन्ही बाजू एकत्र होऊन डाव्या कानात येतात. शाळेत त्यांनी टेबल हलवून भिंतीला उजवी बाजू दिली आहे. रस्ता ओलांडताना त्या थांबून दोन्हीकडे मान वळवून पाहतात, आणि मुलं हसली तर हसू देतात.

दिवाळीनंतर त्या पुन्हा लिहू लागल्या. पण आता एक रविवार त्यांचा आणि एक कुलदीपचा. कुलदीपचे परिच्छेद आडमुठे असतात, विशेषणांची त्याला भीती नाही. गेल्या रविवारी त्यानं एक पाच जणांचा अल्बम सुचवला, सगळे एकदमच ओरडणारे. सुधाताईंनी बटण दाबून तो पूर्ण ऐकला, आणि संध्याकाळी गटावर लिहिलं की यात कोणी कोणाचं ऐकूनच घेत नाही. कुलदीपनं लिहिलं की मॅडमनी तेराव्या मिनिटापाशी पुन्हा जाऊन बघावं.

मुकुंदरावांनी दुकानातून येऊन विचारलं, काय करून राहिली? त्यांनी बोटानं गप्प राहायला सांगितलं. तेराव्या मिनिटाला अजून थोडा वेळ होता.