संघदीपला ‘बे’ कोण म्हणेल?

आपल्यामागं संघदीपशी बोलेल कोण, ही काळजी काही केल्या रूपाच्या मनातून हटत नव्हती. खाऊ-पिऊ घालायला धाकटी लेक सपना आहे, डोक्यावर छप्पर आहे. पण बोलेल कोण?

संघदीप तिचा थोरला, चोवीस वर्षांचा. जन्मताना घुसमटला, तेव्हापासून हातपाय आखडलेले आणि शब्द ओठांवर यायला उशीर लागणारा. डोकं मात्र लख्ख. रिठदच्या बसथांब्यापाशी रामधनची चहाची टपरी आहे. तीनचाकी सायकल हातानं रेटत तो रोज संध्याकाळी तिथं जायचा. माळ्याचा धीरज, पहिलीपासूनचा त्याचा सोबती, रिसोडच्या बाजारात भाजी टाकून तिथंच यायचा.

“बोल बे लवकर. तुयं वाक्य संपेपर्यंत गाडी निघून जाईन.”

“जाऊ दे. तुले... कोण बसू देते... गाडीत. कांद्याचा वास येते... तुया अंगाले.”

सारी टपरी हसायची. घरी आल्यावरही संघदीप हे सगळं आईला पुन्हा सांगायचा, अडखळत, पण शेवटपर्यंत.

मग दिव्यांग दिनाला ग्रामपंचायतीत कार्यक्रम झाला. बाहेरगावचे पाहुणे चांगलं बोलले. दिव्यांग बांधवांना अरे-तुरे करू नका, त्यांची थट्टा करू नका, मानानं वागवा. संघदीपला शाल आणि नारळ दिला. रूपानं टाळ्या वाजवल्या. मागं उभी टपरीवरची पोरं माना खाली घालून ऐकत होती.

आणि पोरं शहाणी झाली.

“या संघदीपभाऊ. तुमी बसा. चहा घेता काय?”

सायकलवर बसूनच आलेल्या माणसाला ती बाकावर जागा करून देऊ लागली. तो बोलायला लागला की सगळी गप्प बसत, मयतीला आल्यासारखी. बोलून झालं की “बरोबर हाये भाऊ” म्हणत आणि आपल्या गप्पांना लागत. मध्येच तोडणारं, उलट बोलणारं कोणी उरलं नाही. उन्हाळा लागेस्तोवर सायकल भिंतीला टेकली. आता तिच्या सीटवर कोंबडी बसते.

“काहून जात नाहीस रे टपरीवर?” रूपानं विचारलं.

बराच वेळ त्याची जीभ वळेना. मग म्हणाला, “मले... तुमी म्हणतेत थे.”

“मान देतेत बाबा.”

“मेलेल्याले... देतेत तसा.”

तिनं हे नवऱ्याला सांगितलं. इंद्रभान जेवता जेवता म्हणाला, “मान भेटून राह्यला तं दुखते काय त्याले? आधी लोक हसत तवा तूच रडत होतीस.” तेही खोटं नव्हतं.

शेजारच्या लिलाबाईंना तिनं मुद्दाम बोलावलं, पोराशी चार शब्द बोला म्हणून. त्या आल्या, संघदीपच्या समोरच बसल्या आणि रूपाला म्हणाल्या, “जेवला काय वं हा?”

“त्यालेच विचारा न मावशी.”

लिलाबाई ओशाळल्या. मग वाकून, बहिऱ्याला ओरडावं तशा म्हणाल्या, “जेवला काय बाळा?”

संघदीपनं तोंड भिंतीकडं केलं.

हल्ली तो मान हलवूनच भागवतो. भाजी हवी तर बोट दाखवतो. जीभ चालती ठेवा, नाहीतर आहे तेवढं बोलणंही जाईल, असं डॉक्टरांनी तो लहान असतानाच बजावलं होतं. रूपा त्याच्याशी बोलते, सपना बोलते. पण घरच्यांपुढं त्याला काही जिंकायचं नसतं, म्हणून तो बोलायचे कष्ट घेत नाही.

आज दुपारी धीरजची मोटारसायकल दारासमोर हळू झाली. ओट्यावर संघदीप होता. धीरजनं दोन्ही हात जोडले. “जय भीम, भाऊ.” संघदीपचे ओठ हलले, काहीतरी जुळत होतं. ते जुळायच्या आत गाडी निघून गेली. ओठ आणखी थोडा वेळ हलत राहिले.

रूपा दारातच उभी होती. सांगून कोणी कुणाला ‘बे’ म्हणतं का? आणि म्हटलंच, तर ते मागून आणलेलं आहे हे संघदीपला कळल्याशिवाय राहील का? काय बोलायचं, कसं बोलायचं, काही सुचेना. बहुधा उपयोगही होणार नव्हता. तरी धीरज घरी पोचला की त्याला फोन लावायचाच, असं ठरवून ती मोबाईल घ्यायला आत वळली.