ह्यांच्या पानावरची बियर

परवा भिवंडीला आमच्या घरी ह्यांचं पितराचं पान वाढलं. त्या पानापायी बारा वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट मला सगळ्यांसमोर सांगावी लागली. दोष माझा नाही... जावयाचा आहे.

जावई म्हणजे नीलेश. इथे जवळच पूर्णा गावाला एका मोठ्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर. मध्ये कंपनीने चार महिने जर्मनीला पाठवला, तर येताना घड्याळ नाही, सेंट नाही... बियर बनवायचं सामान घेऊन आला! माझ्या लेकीने, सुजाताने, कपाळाला हात लावला. मी म्हटलं, बाई गं, दुसरी कोणी आणली नाही ना, मग गप बस.

आता आमच्यात पितराच्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं ठेवतात. वडे, खीर असतेच, पण सुकटीची चटणी, तंबाखूची पुडी, आणि पिणारा असेल तर भरलेला ग्लाससुद्धा. ह्यांच्या पानावर दरवर्षी दुकानातली कडक बियर असायची. इथेच नारपोलीला ह्यांचे कापडाचे लूम होते, दोस्तांत वट होती... शेठ पिणार तर कडकच पिणार.

नीलेशने सासऱ्याला बघितलेलंच नाही. लग्नाआधीच हे गेले. म्हणून यंदा त्याने मनावर घेतलं... "आई, बाबांच्या पानावर ह्या वर्षी माझ्या हातची बियर. सासऱ्याला जावयाने एकदा तरी पाजायला नको?"

मी चेष्टा करणार होते, त्याऐवजी मागची खोली रिकामी करून दिली.

मागच्या खोलीत पाण्याच्या वीस लिटरच्या जारमध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. त्याच्याकडे इंग्रजी पुस्तक, माझ्याकडे वज्रेश्वरीच्या शाळेतली सातवी. पण आंबलं कधी आणि बिघडलं कधी, हे नाकाला कळायला पुस्तक कशाला लागतं?

पहिली झाली ती काळीकुट्ट. जळक्या पापडाचा वास. दुसरीत त्याने कसलीशी कडू फुलं टाकली... हॉप्स म्हणतात त्यांना. म्हणे, जाणकार लोक अशीच कडू पितात.

चव बघायला माझे दीर, बाळू भावजी, आले. एक घोट घेतला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "कडू हाय... पन भारी हाय." मग नीलेशने घोट घेतला, आणि त्याचा डावा डोळा आपोआप मिटला.

तो डोळा बघून मी हातातली परात खाली ठेवली. असाच डावा डोळा ह्यांचा मिटायचा! दर रविवारी, पहिल्याच घोटाला.

"अजून थोडी कडू करतो," नीलेश म्हणाला. "बाबांना कडकच लागायची ना?"

आता आली का पंचाईत? सांगावं तर ह्यांची वट जाते. गप्प बसावं तर पोरगा एवढा जीव टाकून नेमकं तेच बनवणार, जे त्या माणसाच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि पितरं यायला जेमतेम महिना.

मी आधी जावयालाच धरला. "जावईबापू, चहात साखर किती?"

"तीन चमचे."

"आणि कारलं?"

आतून सुजाता ओरडली, "कारल्यातले शेंगदाणे वेचून खातात!"

"मग ही कडू कोणासाठी? त्या जर्मन सायबासाठी?"

नीलेश हसला. म्हणाला, "खरं सांगू आई? मला तिकडची गव्हाची आवडायची. पिकल्या केळ्यासारखा वास येतो, कडू जवळजवळ नाहीच. पण मित्र म्हणतात, ती बायकांची."

"बायकांची म्हणे! तुझ्या सासऱ्यालासुद्धा तीच लागली असती."

आणि सांगून टाकलं. हे ओटीवर दोस्तांसमोर बाटली उघडायचे, मग "पाणी दे गं" करत ग्लास घेऊन आत यायचे. मी अर्धा ग्लास रिकामा करायचे, वर लिंबू-सोडा आणि दोन चमचे साखर. मग शेठ मिशीवर ताव देत परत बाहेर.

भावजी उठून उभेच राहिले. "काय सांगतेस वयनी! दादा आन् साखर? न्हाय, न्हाय..."

"भावजी, तुमचे दादा ओटीवर कडक, चुलीपाशी गोड."

भावजींनी दादा गेल्यापासूनची वर्षं बोटांवर मोजली. मग एकदम म्हणाले, "म्हंजे आपन बारा वर्सं त्याला कडू पाजतोय?" आणि हसता हसता टॉवेलने डोळे पुसायला लागले. नीलेशचे पण भरले... माझं काय झालं ते मी लिहिणार नाही.

मग गव्हाची बनली. परवा नीलेशने दोन्ही हातांनी ग्लास पानाशेजारी ठेवला. फेस बघून भावजी म्हणाले, "पी रे दादा, आता डोला नको मिटू."

जेवणं झाल्यावर जावयाला एकदम सुचलं. "पण आई, अर्धा ग्लास रिकामा करायचात, ती कडू बियर जायची कुठे? मोरीत?"

मी पदर सारखा केला. म्हटलं, अन्न मोरीत टाकायची आमच्याकडे पद्धत नाही... आणि तो दुसऱ्या खेपेचा कडू जार, कोणी पीत नाही तो, ओतून देऊ नकोस हो.

सुजाता "आईऽऽ!" करून किंचाळली. नीलेशने मात्र त्या जारमधून माझा स्टीलचा पेला भरून आणला. तीच चव. बारा वर्षांनी.

एका बाटलीत दोघांचं भागायचं आमचं. नीलेश, पोरा, तुझ्यामुळे ह्यांना ह्यांच्या चवीची मिळाली आणि मला माझी. माझं पान वाढाल तेव्हा आता विचारत बसू नका... कडू ठेवा. साखर घातलीत तर याद राखा!