आर्थर गप्प का झाला, ते बघायला वेल्सच्या वेशीवर

"आपण त्या गावाला जाऊन येऊ या," शुक्रवारी पोळ्या लाटता लाटता सासूबाई म्हणाल्या. "आर्थर आठवडाभर बोललेला नाही. मला काही लक्षण बरं दिसत नाही."

आर्थर आमचा कोणी लागत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई आमच्या स्टॅनमोरच्या घरात अडकून पडल्या, तेव्हा फोन चाळता चाळता त्यांना वेल्सच्या सीमेवरच्या एका छोट्या गावाचं रेडिओ स्टेशन सापडलं. एकच कुटुंब ते चालवतं. बंद पडलेला रस्ता, चर्चमधला केक सेल, हरवलेलं कासव, सगळं त्यावर सांगतात. पण आईंचा जीव अडकला तो दुपारी एकच्या वेळेत. तेव्हा ही मंडळी एकत्र जेवायला बसतात आणि जेवण होईपर्यंत माइक खिडकीबाहेर सोडून ठेवतात. मग चौकातले आवाज ऐकू येतात. त्या खिडकीखाली रोज आर्थर उभा राहायचा आणि नर्सिंग होममध्ये रेडिओ ऐकणाऱ्या बायकोला, डोरीनला, घरची खबरबात द्यायचा. सोमवारपासून तो आवाज बंद होता.

"अहो आई, ईमेल करून विचारू की."

"असलं ईमेलवर विचारतात होय?"

झालं. शनिवारी उजाडताच निघालो. एम४० मोटरवेने ऑक्सफर्ड, तिथून वुस्टर. मध्ये गुडघा मोकळा करायला थांबे, गाडीत थालीपीठ आणि दही. वुस्टरलाच पेट्रोल भरून घ्या, पुढे रस्ते अरुंद आहेत आणि समोर ट्रॅक्टर आला की घाई विसरायची. हेरफर्ड ओलांडलं आणि काय सांगू, गाडीच्या साध्या रेडिओवर तेच स्टेशन लागलं! इंटरनेटशिवाय! कासव सापडल्याचं सांगत होते. मी स्टिअरिंगवर थाप मारली. आई मात्र सीटवर ताठ बसून होत्या.

पार्किंग बाजारामागे आहे. सुटी नाणी ठेवा, मशीन कार्ड घेत नाही. स्टेशन हार्डवेअरच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर. खाली दुकानात नवरा खिळे विकतो आणि मधूनच वर येऊन बिघाड दुरुस्त करतो, मुलगी बातम्या देते आणि सकाळचा कार्यक्रम करणारी ग्लेनिस स्वतः दार उघडते. इतके महिने आमच्या किचनमध्ये घुमणारा आवाज ॲप्रन बांधून समोर उभा! मला सेल्फी सुचत होता. आईंनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"आर्थर आहे ना?"

ग्लेनिस हसली. "आहे की. गेल्या रविवारी डोरीन घरी आली. आता जे काय ते स्वयंपाकघरातच सांगतो. समोरच्या कॅफेत बसलेत बघा दोघं."

आई जिन्यातच बसल्या. डोळे पुसून झाले आणि मग भडकल्या. "मी आठवडाभर देवापाशी दिवा लावतेय, आणि हा घरी चहा पितोय!"

कॅफेत चीज आणि कांदा भरून भाजलेला 'पाय' मिळतो, तो जरूर खा. आमचा मात्र गार झाला. आई कोण, कुठून आल्या हे कळल्यावर टोपीवाला आर्थर कानापर्यंत लाल झाला. "मला वाटलं, त्या वेळी डोरीनशिवाय कोण ऐकणार?"

"मग फोन का नाही करायचात?" मी विचारलं.

"फोनवर ती मधेच बोलते."

डोरीनने ते कानाआड केलं. औषधांमुळे तिला दुपारी झोप लागायची, त्याचं अर्धं बोलणं तिने ऐकलंच नव्हतं. आईंना सगळं पाठ. मग त्या सांगत बसल्या. मांजराचं औषध, करपलेली अंडी, आणि एकदा तो म्हणाला होता ते, की तुझ्या बाजूची उशी मी हलवलेली नाही. डोरीनने आईंचा हात धरला तो सोडेचना. आर्थरने टोपी डोळ्यांवर ओढली. "आता मी काही त्या खिडकीखाली उभा राहायचा नाही."

आणि खरंच, एक वाजता माइक खाली सोडला, आम्ही वर बघत थांबलो, पण आर्थर आला नाही.

परतीच्या वाटेवर आई म्हणाल्या, "आपण गेलोच नसतो तर तो कधीतरी परत बोलला असता का गं?" माणूस सुखरूप आहे याचा आनंद होता, पण आईंची दुपार आपण कायमची घालवून आलो, असं वाटत राहिलं.

सोमवारी घरून काम होतं. एक वाजता मी मीटिंग म्यूट केली. फोनवर एक व्हॅन गेली, कुत्रं भुंकलं, कोणीतरी शिंकलं. मग एक बारीक, धाप लागलेला आवाज आला.

"मी डोरीन. आर्थर गाडीत रेडिओ लावून ऐकतोय, म्हणून मोठ्याने सांगते. आज याने माझ्यासाठी सूप केलं आणि मीठ विसरला. स्टॅनमोरच्या बाई, ऐकताय ना?"

"ऐकतेय," आई फोनला म्हणाल्या. "वरून घाल म्हणावं त्याला." आणि पुढचं नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी मला किटली बंद करायला लावली.