इंटरव्ह्यूच्या दिवशी मी दादाला मारलं

डेटा ॲनालिटिक्सचा अभ्यास दादाने आणि मी एकाच लॅपटॉपवर केला. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही नागपूर सोडून भोपाळला आलो होतो, शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. एका मोठ्या टेक कंपनीने दादाला शेवटच्या फेरीत नाकारलं आणि तीनच आठवड्यांनी तशाच जागेसाठी मला बोलावलं. मी त्याला सांगितलं नाही. आईने जेवताना सांगून टाकलं. तो ताटावरून उठला.

इंटरव्ह्यू ऑनलाइन होता, सकाळी अकराला. आईबाबा आपापल्या ऑफिसात गेले होते. मी आतल्या खोलीची कडी लावून बसले. स्क्रीनवर इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाई हिंदीत धीर देत बोलत होत्या. डेटाबेसमधून प्रत्येक ग्राहकाची दुसरी खरेदी शोधून काढणारी क्वेरी त्यांनी लिहायला सांगितली. अर्धी लिहून झाली असेल, तेवढ्यात दार धडधडलं. दोन लाथांत कडी निघाली. दादाने वेणी धरून मला खुर्चीवरून खाली ओढलं. डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं.

"माझ्या नोट्स वाचून माझीच जागा घेतेस?" म्हणत त्याने पोटात लाथ घातली.

टेबलावर पाण्याने भरलेली स्टीलची बाटली होती. ती मी त्याच्या तोंडावर मारली. भुवई फाटली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला होता, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. हे मला दिसत होतं. तरी मी आणखी दोनदा मारलं. त्याचा अंगठा मोडल्याचा आवाज आला आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

लॅपटॉपमधून बाई विचारत होत्या, "आप सेफ हैं? पुलिस को फ़ोन करूँ?" मी नको म्हटलं. इंटरव्ह्यू पुढे ढकलता येईल का, एवढं विचारून घेतलं आणि लॅपटॉप मिटला.

दादाच्या कपाळाला टॉवेल बांधून मीच त्याला स्कूटीवरून हॉस्पिटलात नेलं. वाटेत माझ्या कुर्त्याची पाठ त्याच्या रक्ताने भिजली. सहा टाके पडले. बाथरूममध्ये घसरलो, असं त्यानेच डॉक्टरांना सांगितलं. माझ्या कपाळावरचं टेंगूळ बघूनही ते पुढे काही बोलले नाहीत. संध्याकाळी बाबांनी दाराला नवी कडी बसवली. जुनी कशी तुटली ते विचारलं नाही. आई रडत फरशी पुसत राहिली.

चार दिवसांनी नेहरू नगरला मैत्रिणीच्या घरून मी पुन्हा इंटरव्ह्यू दिला. त्याच बाई होत्या. मला बरं आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. नोकरी मिळाली.

नोकरीसाठी मी भोपाळ सोडून निघायच्या आदल्या दिवशी दादा दारात येऊन उभा राहिला. अंगठ्याला अजून पट्टी होती.

"मी थांबलो होतो," तो म्हणाला. "तू थांबली नाहीस."

"नाही थांबले," मी म्हटलं.

तो माफी मागेल म्हणून मी वाट पाहत होते. बहुधा मी माफी मागेन म्हणून तोही उभा होता. मग तो बाहेर निघून गेला आणि मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.