लागला की टाकला?

अकरा फेब्रुवारी. त्या दिवसाचं एकच काम होतं : जागेची माती तपासून घेणे. खरं सांगायचं तर मी यादीत ‘उरकणे’ असं लिहिलं होतं. सोनगीरजवळ, महामार्गाला लागून असलेल्या आमच्या जागेवर पापडाच्या कारखान्याची दुमजली इमारत बांधायची होती. वर यंत्रं, पिठाच्या गोण्या. खाली पंधरा बायका लाटायला बसणार. दुसऱ्या दिवशी दहाला भूमिपूजन होतं. वीस फुटांपर्यंतच्या मातीचा अहवाल आल्याशिवाय पायाचं ड्रॉइंग देणार नाही, असं इंजिनिअर म्हणाला, म्हणून भुसावळहून बोअरवाले मिस्त्री बोलावले.

मिस्त्री पन्नाशीचे, बोलायला कमी; सगळे त्यांना चाचा म्हणत. सोबत दोन कामगार. त्यांनी लोखंडी तिपाई उभी केली, सळईवर खडूने अर्ध्या अर्ध्या फुटाच्या तीन खुणा केल्या आणि वरून ठरलेलं वजन ठरलेल्या उंचीवरून सोडायला सुरुवात केली. प्रत्येक ठोका मोजायचा. जितके ठोके जास्त, तितकी जमीन घट्ट. पहिल्या अर्ध्या फुटाचे ठोके ते वहीत लिहीत, पण बेरजेत धरत नसत.

“ते का सोडता?” मी विचारलं.

“ताई, भोक पाडताना तिथली माती आपणच हलवलेली असते. तिचं काय ऐकायचं?”

मला हे आवडलं. आमच्याकडे हिशोबाला बसणारे लोकही इतके सरळ नसतात.

वरची दोन फूट काळी माती संपली आणि मुरूम लागला. ठोके तिसाच्या वर गेले आणि सहा फुटांपर्यंत तसेच राहिले. आमचे गवंडीभाऊ बिडी विझवून उठलेच.

“अक्का, मुरूम लागना! बठ्ठं काम झायं. आते चाचा काय पाताळमा जातस का?”

आमच्या भागात मुरूम लागला की खोदणं थांबतं. माझ्या माहेरच्या घराचा पाया असाच घातलाय. मीही म्हणाले, “मिस्त्री, खालचे आकडे तेच लिहून टाका. चहा घ्या नि आवरा.”

मिस्त्रींनी सळईच्या टोकाची नळी वर काढली आणि उभी उघडली. तिचे दोन अर्धे होतात. आतली माती थरासकट, जशीच्या तशी दिसते. पिवळ्या मुरमात त्यांनी नखाने काहीतरी उकरलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. गुटख्याच्या पुडीचा तुकडा.

“ताई, मुरूम लागला की टाकला?”

गवंडीभाऊ म्हणाले, “उंदीरनी नेयेल व्हई.”

“सहा फुटांवर? तुमच्याकडचे उंदीर गुटखा खातात?”

कामगार हसले. भाऊही हसले, पण बिडी पुन्हा पेटवायची विसरले.

काम पुढे चालू झालं. आठ फुटांवर एकाच ठोक्यात सळई अख्खी खूण ओलांडून खाली गेली. नळीत काळा चिकट गाळ, राख आणि अर्धकच्च्या विटेचा खडा. मिस्त्रींनी त्याचा वास घेतला, पिशवीत भरला, खोली लिहिली. मग पातळ पत्र्याची दुसरी नळी हलक्या हाताने दाबून गाळाचा अख्खा नमुना काढला, दोन्ही तोंडांवर वितळलेलं मेण ओतलं आणि वरची बाजू कुठली ते बाणाने दाखवलं. प्रयोगशाळेत ती उलटी धरली तर सगळी मेहनत फुकट. दूध उतू जाऊ नये म्हणून मी जेवढी सावध असते, तेवढे ते त्या गाळासाठी होते.

या जागेवर पूर्वी काय होतं ते विचारायला मी रस्त्यापलीकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या नानांकडे गेले. ते ओट्यावर लसूण सोलत होते.

“तठे ईटासनी भट्टी व्हती ना,” नाना म्हणाले. “मोठा खड्डा. पावसाळामा म्हशी बसेत. मंग रोडवालास्नी मुरूम टाकीसन बुजी दिना.”

“नाना, आधी का नाही सांगितलं?”

“कोनी माले इचारं का?”

खरंच कोणी विचारलं नव्हतं. जागा घेताना मी सातबारा पाहिला, वीज पाहिली, पाणी पाहिलं. जमीन फक्त वरून पाहिली. त्या मुरमावर दोन मजले चढले असते तर पहिल्या पावसाळ्यात खालचा गाळ दबला असता, आणि भिंतीला तडे गेले असते तेव्हा खाली पंधराजणी बसलेल्या असत्या. आणि आकडे भरून टाका असं सांगणारी मीच होते. मिस्त्रींना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, “सगळेच म्हणतात. म्हणून मी वही कुणाच्या हातात देत नाही.”

खड्डा कुठवर आहे हे कळायला आणखी दोन बोअर हवेत, मागच्या बाजूला, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी भटजींना फोन करून पूजा पुढे ढकलली. पूजेसाठी सांगितलेले पेढे कामगारांना वाटले. मग टेपचं एक टोक गवंडीभाऊंच्या हातात दिलं, दुसरं धरून मागच्या कुंपणापर्यंत चालत गेले आणि मिस्त्री दाखवतील तिथे खुंटी ठोकली.