एकशे अठ्ठेचाळीसचे एकसष्ट

शुऐबाच्या रस्त्यावर ज्या अमेरिकन ठेकेदार कंपनीत मी टाइमकीपर होतो, तिच्या यार्डाच्या फाटकाशी एक हिरवा लाकडी बोर्ड होता. या जागी इतके दिवस एकही अपघात झालेला नाही, असं त्यावर वर इंग्रजीत आणि खाली अरबीत लिहिलेलं. मधे तीन खिळे. त्या खिळ्यांना आकड्यांचे पत्रे अडकवायचं काम माझ्याकडे होतं. रोज सकाळी माणसांची हजेरी घेण्याआधी मी आदल्या दिवसाचा आकडा काढून नवा लावायचो. शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे शनिवारी एकदम दोन दिवस वाढवावे लागत. उन्हाळ्यात सकाळी सहालाही पत्रे हाताला चटका देत, म्हणून एक रुमाल त्यासाठीच ठेवला होता. नऊचा पत्रा वेगळा नव्हता, सहाचाच उलटा करायचा.

मी कुवेतला आलो तो पन्नासच्या दशकात. पहिली काही वर्षं शहरातल्या शर्क भागात आमच्याच रत्नागिरीकडच्या एका व्यापाऱ्याकडे माल उतरवून घ्यायच्या याद्या लिहिल्या. मग या कंपनीत लागलो आणि घरच्यांना बोलावून घेतलं. माझं इंग्रजी जेमतेम, पण आकडा माझ्या हातून चुकत नसे. साहेबलोकही म्हणत की याच्या तक्त्यावर पुन्हा बोट फिरवायची गरज नाही. माणसाकडे दुसरं काही नसलं की अशी एखादी गोष्ट तो जपतो.

बोर्डावर सत्याऐंशी होते त्या मंगळवारी दुपारी एक लोखंडी नळी घसरली आणि एका रिगरच्या नडगीवर आली. जड सामान दोरखंडाने उचलणाऱ्या माणसाला रिगर म्हणतात. हा आमच्या गावच्या खाडीपलीकडचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला भाय म्हणायचा. घरी बायको, तीन मुलं आणि आंधळी आई. प्रथमोपचारवाल्याने पट्टी बांधली, दोन गोळ्या दिल्या. मी अपघाताचं रजिस्टर काढलं, तारीख लिहायला लागलो, तेवढ्यात साइटचा मॅनेजर आत आला. त्याला सगळे मुदीर म्हणत. उंच, घामट, मुलांचे फोटो पाकिटात ठेवणारा अमेरिकन माणूस. तो म्हणाला, "थांब. अजून लिहू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची पिकअप कामगारांच्या कॅम्पवर गेली आणि रिगरला उचलून यार्डातल्या माझ्या खोलीत घेऊन आली. त्याला एका खुर्चीवर बसवलं, पाय उलट्या खोक्यावर ठेवला आणि समोर नटबोल्टचा डबा दिला. मोठे एका डब्यात, लहान दुसऱ्यात. मुदीरने मला नियम समजावून सांगितला: माणूस कामाला येऊ शकला नाही तर तो अपघात, आला तर नाही. "आणि हा आलेला आहे," तो म्हणाला. रजिस्टरात नोंद त्याच्या सहीशिवाय होत नसे. मी हजेरीच्या तक्त्यात हजर लिहिलं आणि बोर्डावर अठ्ठ्याऐंशी लावले.

"भाय, आज खुर्ची मिळाली," रिगर म्हणाला. "उद्या पंखा मागतो. परवा तुम्हाला चहा आणायला पाठवतो."

"गप बस आणि बोल्ट निवड."

"निवडतोय की. संध्याकाळी तो फोरमन पुन्हा सगळे एकत्र ओततो, म्हणजे मला उद्याला काम राहतं. बघितलंत का तुम्ही? माझ्या नोकरीची किती काळजी!"

दोन-तीन आठवडे असे विनोद चालले. मग कमी झाले. पाय काळा पडत गेला, पट्टीतून पाणी यायला लागलं, खोलीत वास भरू लागला. एका शुक्रवारी मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे पैसे लागत नसत, पण डॉक्टरने फोटो काढून सांगितलं की हाड तडकलं आहे, आत पू आहे, दोन महिने तरी इस्पितळात राहावं लागेल, उशीर केला तर पाय ठेवता येणार नाही. दोन महिने! रजिस्टरात अपघात लिहिलेला असेल तर तो बरा होईपर्यंत कंपनीला त्याला ठेवून घेणं भाग होतं. लिहिलेला नसेल तर तो नुसता गैरहजर. गैरहजर माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, कंपनी रद्द करायची आणि पुढच्या बोटीने त्याला मुंबईला पाठवायची. पुन्हा येणं नाही.

"भाय, एक ओळ लिहा ना," परत येताना तो म्हणाला. "फक्त एक ओळ. तुमचं अक्षर तर चांगलं आहे."

मी मुदीरला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्याने दार लावून घेतलं आणि खरं कारण सांगितलं. कंपनीला दुसऱ्या एका देशात अमेरिकन सरकारचंच मोठं काम मिळायचं होतं. त्याआधी ही कंपनी बाहेर कशी वागते हे बघायला तिकडचे निवडून आलेले तीन प्रतिनिधी येणार होते. लोकांनी कराचा पैसा भरायचा आणि कंपन्यांनी माणसं मोडायची, असं तिकडच्या वर्तमानपत्रांत आलं होतं म्हणे. "तोपर्यंत आकडा तीन अंकी पाहिजे," मुदीर म्हणाला. "मग बघू त्याचं."

मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. अमेरिकेत मोठमोठ्या साहेबांना समोर बसवून निवडून आलेली माणसं जाब विचारतात, हे मी रेडिओवर आणि जुन्या अंकांत ऐकलं-वाचलं होतं. मी रिगरला सांगितलं, "थोडे दिवस कळ काढ. त्यांचं सरकार येतंय. ते विचारतील."

"कोणाला विचारतील? मला?"

"आकड्याला विचारतील. आकडा कुणी लिहिला म्हणून मला."

घरी बायकोला सांगितलं. ती झुबैदी साफ करत होती. आपल्याकडच्या पापलेटाला इथे झुबैदी म्हणतात. ती मान वर न करता म्हणाली, "मामलेदार यायचा तेव्हा आमच्या गावात पण रस्ता झाडायचे. मामलेदार गेला की ज्याची शेणाची पाटी त्याच्या दारात."

"हे मामलेदार नाहीत. लोकांनी निवडून दिलेले आहेत."

"तुम्ही दिलंत का निवडून? त्या पोराने दिलं? मग तुमचं कशाला बघतील?"

 

ते आले तो रविवार होता, आमच्याकडे कामाचा दिवस. यार्डाच्या भिंतींना चुना लावला होता, पाण्याचे नवे पिंप आणले होते. रिगरला खुर्चीसकट मागच्या गोदामात ठेवलं होतं. बोर्डावर एकशे सत्तावीस होते. तिघांपैकी दोघे उन्हाने हैराण होऊन लगेच मुदीरच्या खोलीत गेले. तिसरा म्हातारा होता, हातात टोपी, शर्ट पाठीला चिकटलेला. तो बोर्डासमोर उभा राहिला. मी पलीकडे हजेरीच्या खिडकीत होतो.

"हा आकडा कोण लावतं?" त्याने विचारलं.

"मी, सर."

"बरोबर आहे का?"

मुदीर आठ-दहा पावलांवर होता, पाठ करून. मी चाळीस दिवस या प्रश्नाची वाट पाहिली होती, आणि तो इतक्या सहज आला. त्या चाळिसांत सहा शुक्रवार वजा केले तर चौतीस वेळा मी स्वतःच्या हाताने त्या माणसाला हजर लिहिलं होतं. हे सगळं एका वाक्यात कसं सांगायचं?

"नाही सर," मी म्हणालो. "चाळीस पाहिजे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. खिशातून लहान वही काढली आणि लिहिलं. मग माझ्याशी हात मिळवला आणि आत गेला. पायाबद्दल मी बोललोच नाही. त्याने विचारलं तेवढंच सांगितलं. हिशेबी माणसाची खोड. पुढे मी अनेकदा मनात ते वाक्य लांबवून पाहिलं आहे.

मुदीर मला काही बोलला नाही. तीन आठवडे काहीच झालं नाही. खुर्ची गोदामातून परत माझ्या खोलीत आली आणि मी बोर्डाचा आकडा वाढवत राहिलो. रिगरने विचारणं सोडून दिलं. त्याला दुपारी ताप भरायचा.

मग बैरूतच्या मोठ्या ऑफिसातून एक माणूस आला, पांढरा शर्ट, बारीक टाय. मुदीरने मला बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. तो म्हातारा वहीत लिहिलेलं विसरला नव्हता. त्याच्या समितीने कंपनीला लेखी विचारलं होतं की बोर्डाचा आकडा आणि तिथल्या टाइमकीपरचा आकडा यांत फरक का आहे. टेबलावरचा कागद म्हणजे कंपनीचं उत्तर होतं. त्यात लिहिलं होतं की एक अपघात झाला होता, परंतु टाइमकीपरच्या निष्काळजीपणामुळे त्याची नोंद राहून गेली. ही चूक त्याने स्वतः कबूल केली असून नोंद आता दुरुस्त केली आहे. खाली माझ्या सहीसाठी जागा होती.

"हे खरं नाही," मी म्हणालो.

"तुला बरोबर आकडा हवा होता," बैरूतचा माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "यावर सही झाली की आकडा बरोबर होतो. तुझा माणूस उद्या इस्पितळात जाईल, नोकरी शाबूत राहील. सही नसेल तर अपघात झालेलाच नाही. आणि जो माणूस साठ दिवस बसून बोल्ट निवडतो आहे, त्याला गुरुवारच्या बोटीने घरी पाठवावं लागेल."

मी संध्याकाळपर्यंत वेळ मागितला आणि खोलीत येऊन रिगरला सगळं सांगितलं. त्याने नटबोल्टचा डबा खाली ठेवला.

"म्हणजे त्यांचं सरकार विचारतं खरं," तो म्हणाला.

"विचारतं."

"आणि उत्तर तुम्ही?" तो हसला, मग पाय हलला म्हणून कळवळला. "भाय, मी नको कसं म्हणू? पण सही करा असंही माझ्या तोंडून येत नाही. माझा पाय तर नासलाच आहे, उद्या तुमचं नाव नासेल. दोघांत काय वाचण्यासारखं आहे ते तुम्हीच बघा."

मुदीरच्या मेहेरबानीने पिकअपने मला जेवायला घरी सोडलं. बायको ऐकून घेऊन म्हणाली, "करा सही. आणि तोंड असं करू नका. गावात कोण वाचणार आहे तो कागद?"

"मी वाचणार."

"तुम्ही रोज त्याला हजर लिहीत होतात, ते पण तुम्हीच वाचत होतात ना?"

ती चिडून बोलली नव्हती. ताटात भात वाढता वाढता बोलली. मी फारसा जेवलो नाही.

परत गेलो आणि सहीआधी कागद पुन्हा वाचला. अपघाताचा दिवस त्यांनी बुधवार लिहिला होता, कारण खुर्ची बुधवारपासून होती. तो खोडून मी मंगळवार लिहिला, तारीख दुरुस्त केली आणि बाजूला छोटी सही केली. खाली मोठी सही केली. बैरूतचा माणूस माझ्याकडे बघत राहिला. मुदीरने खिडकीबाहेर पाहिलं. मग मी रजिस्टर काढून ती एक ओळ लिहिली आणि मुदीरने तिच्यापुढे सही केली. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

बाहेर येऊन मी बोर्डावरचे एकशे अठ्ठेचाळीस उतरवले आणि एकसष्ट लावले. त्या दिवसाचा तो खरा आकडा होता. दुसऱ्या दिवशी रिगर इस्पितळात गेला. हाड कापून साफ करावं लागलं, पाय दोन बोटं आखूड झाला, पण राहिला. तो तिथे अडीच महिने होता, नोकरी राहिली, तक्त्यात मी त्याच्या नावापुढे इस्पितळ असं लिहीत होतो. कंपनीला ते मोठं काम मिळालं. तिकडच्या समितीचा छापील अहवाल पुढच्या वर्षी नोकरी सोडून जाणाऱ्या एका इंजिनिअरने मला दिला. आमच्या यार्डाला त्यात चार ओळी होत्या: फरक आढळला, चौकशी केली, जबाबदार व्यक्ती सापडली, सुधारणा झाली.

मी त्या म्हाताऱ्याला दोष देत नाही. तो उन्हात उभा राहिला, त्याने विचारलं, लिहून घेतलं, पत्र पाठवलं. उत्तर आलं आणि ते छापलं. फक्त ते उत्तर खरं आहे का, हे पाहायला परत शुऐबाला कोणी आलं नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून कोण येणार? आणि आला असता तरी खाली माझीच सही होती, सुवाच्य.

निष्काळजी माणसाकडे बोर्ड ठेवणं बरं दिसत नाही म्हणून पत्रे दुसऱ्या कारकुनाकडे गेले. मला हजेरीची खिडकी तेवढी राहिली. पुढची चार वर्षं मी तिथे होतो. माझ्या मोजणीप्रमाणे त्या काळात बोर्ड दोनदा चुकला. दोन्ही वेळा कोणीतरी खुर्चीवर बसलेलं होतं, माझ्या नाही, पलीकडच्या खोलीत. दोन्ही वेळा मी मुदीरकडे गेलो. दोन्ही वेळा त्याने तो जुना कागद कपाटात असल्याची आठवण करून दिली. चुकीची कबुली दिलेल्या टाइमकीपरचा आकडा कोण धरणार?

रिगरला नंतर गोदामात हलकं काम दिलं. संध्याकाळी लंगडत फाटकाशी आला की तो बोर्डाकडे न बघता माझ्या खिडकीशी थांबायचा.

"काय भाय, आज किती?"

मी त्याला माझा आकडा सांगायचो. तो मान हलवायचा आणि पिकअपकडे जायचा.